घातक द्रव्यांची गळती : सफाईची पहिली जबाबदारी कोणाची?

घाटातील एका वळणावर रसायनाचा टँकर कलंडतो. टाकीची झडप तुटते आणि आतील द्रव रस्त्यावर वाहू लागतो. वाहतूक खोळंबते, मागे वाहनांची रांग लागते आणि रस्ता मोकळा करण्याची घाई सर्वांनाच होते. कोणीतरी पाणी मागवितो, रस्त्यावर पाण्याचा मारा होतो आणि तासाभरात डांबर स्वच्छ दिसू लागते. वाहने मार्गस्थ होतात व त्या दिवसाची बातमी तेथेच संपते. पण सांडलेले द्रव्य गेले कोठे? ते रस्त्याकडेच्या गटारातून नाल्यात, नाल्यातून ओढ्यात आणि ओढ्याकाठच्या विहिरीत गेले. रस्त्यावर होते तोवर मातीचा बांध घालून ते अडविता आले असते. विहिरीत उतरल्यावर ते परत काढणे जवळजवळ कोणाच्याच हाती उरत नाही.

अशा प्रसंगी सफाई कोणी करावयाची, असा प्रश्न गावात विचारला तर अग्निशमन दलाने, नगरपालिकेने किंवा फार तर प्रदूषण नियंत्रण मंडळाने, असे उत्तर बहुधा मिळेल. सांडणारा निघून जातो आणि सरकार मागे राहते, हा लोकांचा अनुभव त्या उत्तराच्या मुळाशी आहे. कायद्याचे उत्तर मात्र निराळे आहे. ज्याच्या हातून द्रव्य सांडले आणि ज्याच्या ताब्यातील जागेत ते सांडले, त्यांच्यावरच पहिली जबाबदारी येते. चूक कोणाची, हा प्रश्न पुढे चौकशीत सुटावयाचा असतो. तोपर्यंत ही जबाबदारी थांबून राहत नाही.

कायद्यातील 'तत्काळ'

जलप्रदूषणास आळा घालण्यासाठी कायदा करण्यात महाराष्ट्राने संसदेच्याही आधी पाऊल उचलले. राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंध अधिनियम १९६९ सालचा असून त्यान्वये ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्यात प्रदूषण मंडळ अस्तित्वात आले. संसदेने १९७४ मध्ये संमत केलेला जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम राज्याने १ जून १९८१ पासून स्वीकारला. त्याच्या ३१ व्या कलमात अपघाती गळतीचा विचार केलेला आहे. अपघातामुळे अथवा अकल्पित घटनेमुळे एखादे विषारी द्रव्य ओढ्यात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर गेले, किंवा जाण्याचा संभव निर्माण झाला, आणि त्यामुळे पाणी दूषित होण्याची शक्यता असली, तर त्या जागेच्या प्रभारी व्यक्तीने मंडळाला तत्काळ कळविले पाहिजे. पुढचे ३२ वे कलम मंडळाला आणीबाणीचे अधिकार देते. ते द्रव्य हलविणे, हानी कमी करणे आणि सोडणाऱ्यास लागलीच मनाई करणे, अशी पावले मंडळ उचलू शकते.

परंतु कळविणे वेगळे आणि सावरणे वेगळे. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ येथे विषारी वायूने हजारो माणसांचा बळी घेतला आणि त्यानंतर पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ आला. १९ नोव्हेंबर १९८६ पासून तो अंमलात आहे. त्याचे नववे कलम आकाराने लहान, पण या विषयापुरते सर्वांत महत्त्वाचे होय. विहित मर्यादेपेक्षा अधिक प्रदूषक द्रव्य अपघाताने बाहेर पडले, किंवा पडेल अशी धास्ती निर्माण झाली, तर ते सोडण्यास जबाबदार असलेली व्यक्ती आणि त्या जागेची प्रभारी व्यक्ती अशा दोघांवरही प्रदूषण रोखणे किंवा त्याची तीव्रता कमी करणे बंधनकारक आहे. त्याबरोबरच घटनेची खबर तत्काळ द्यावयाची आणि मागणी झाल्यास सर्व प्रकारचे साहाय्य करावयाचे. खबर मिळताच संबंधित अधिकाऱ्यांनी शक्य तितक्या लवकर उपाययोजना करावी, आणि तिच्यासाठी झालेला खर्च व्याजासह त्या व्यक्तीकडून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येईल, असेही हे कलम सांगते.

जमीन महसुलाची थकबाकी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नोटीस, जप्ती आणि लिलाव ही त्या वाटेवरील ठिकाणे त्याच्या चांगल्या परिचयाची आहेत. गंमत अशी की, ज्या हत्याराचा धाक आजवर पाच एकरवाल्याने बाळगला, तेच हत्यार येथे कारखानदारासमोर ठेवलेले आहे.

या कलमात दोन फटी आहेत, हेही नमूद केले पाहिजे. पहिली फट 'विहित मर्यादेपेक्षा अधिक' या शब्दांत आहे. मर्यादा ओलांडली की नाही हे नमुन्यावरून ठरते, नमुना प्रयोगशाळेत जातो आणि तेवढ्या अवधीत द्रव्य आपली वाट चालू ठेवते. अधिक प्रदूषणाची नुसती धास्तीही कर्तव्य निर्माण करण्यास पुरेशी आहे, ही कलमातील तरतूद येथे उपयोगी पडते. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहत बसण्याचे कारण उरत नाही. दुसरी फट व्याजाची आहे. व्याज गळतीच्या दिवसापासून सुरू होत नाही. खर्चाची मागणी केल्याच्या दिवसापासून सुरू होते. कार्यालयाने मागणीची नोटीस काढण्यास वर्ष लावले, तर ते वर्ष सांडणाऱ्यास बिनव्याजी मिळते. तत्काळ हा शब्द कारखान्याइतकाच कार्यालयालाही लागू पडतो, तो असा.

चुकीचा पुरावा लागत नाही

दिल्लीतील श्रीराम फूड अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यातून ४ डिसेंबर १९८५ रोजी ओलियम वायूची गळती झाली. भोपाळच्या दुर्घटनेला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. त्या प्रकरणात २० डिसेंबर १९८६ रोजी दिलेल्या निर्णयात सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने एक नवे तत्त्व सांगितले. धोकादायक धंदा करून जो नफा मिळवितो, त्याच्या धंद्यातून झालेल्या हानीचे दायित्व निरपवाद आहे. आपण सर्व काळजी घेतली होती, आपला हलगर्जीपणा नव्हता, हा बचाव त्याला मिळणार नाही. जुन्या इंग्रजी न्यायतत्त्वात असलेले अपवादही न्यायालयाने येथे नाकारले. नुकसानभरपाई उद्योगाच्या आकाराला व ऐपतीला साजेशी असली पाहिजे, हेही याच निर्णयाने सांगितले.

या तत्त्वाचा गळतीच्या सफाईशी निकटचा संबंध आहे. चूक सिद्ध झाल्यावरच खर्च द्यावयाचा असता, तर प्रत्येक कारखान्याने आधी वकील गाठला असता आणि मग फावडे.

बिछडीच्या विहिरी

फावड्याआधी वकील गाठला तर काय घडते, हे पाहावयाचे असेल तर राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी या गावाची कथा वाचली पाहिजे. ही एका क्षणात झालेली गळती नव्हे, पण सफाईतील विलंबाचे याहून बोलके उदाहरण देशात क्वचितच सापडेल.

बिछडी येथील एका उद्योगसमूहाच्या कारखान्यात फेब्रुवारी १९८७ पासून 'एच आम्ल' हे रसायन तयार होऊ लागले. कापड रंगविण्याच्या रंगांसाठी ते लागते. त्याच्या निर्मितीत निघणारा गाळ अत्यंत विषारी असल्यामुळे पाश्चात्त्य देशांनी आपल्याकडील उत्पादन बंद केले होते. मागणी मात्र कायम होती. बिछडीत या रसायनाचे ३७५ टन उत्पादन झाले आणि त्यातून सुमारे २,४४० टन गाळ निघाला. म्हणजे एक टन मालामागे साडेसहा टन विष. माल विकला गेला. गाळ कारखान्याच्या आवारात उघड्यावर पडून राहिला. पाऊस आला आणि गाळातील विष जमिनीत मुरले. भूजलाच्या मार्गाने ते विहिरींत उतरले. पाण्याचा रंग पालटला, ते माणसांना, गुरांना आणि पिकांनाही निरुपयोगी झाले. लोक इतके संतापले की, त्या भागात जमावबंदीचा हुकूम जारी करावा लागला. जानेवारी १९८९ मध्ये एच आम्लाचा कारखाना बंद पडला, पण गाळ तेथेच होता.

प्रकरण १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. गाळ सुरक्षित खड्ड्यांत साठविण्याचे आदेश झाले. प्रत्यक्षात २,४४० टनांपैकी सुमारे ७२० टन गाळच खड्ड्यांत गेला. उरलेला आसपास पसरून त्यावर माती टाकण्यात आली. तपासणी पथकाच्या दृष्टीस तो पडू नये, हा त्यामागील हेतू होता, असे न्यायालयाने नमूद केले आहे. गाळावर माती टाकल्याने तो डोळ्यांआड झाला, पण पावसाच्या पाण्याला त्याने काहीच फरक पडला नाही. दर पावसाळ्यात विष आणखी खोल जात राहिले. हानीचा शास्त्रीय अभ्यास करण्याचे काम न्यायालयाने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेवर, म्हणजे 'नीरी'वर सोपविले. या प्रकरणाशी महाराष्ट्राचा संबंध आला तो असा.

१३ फेब्रुवारी १९९६ रोजी न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी व न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांनी निर्णय दिला. ज्याने प्रदूषण केले त्यानेच सफाईचा खर्च सोसावयाचा, हे तत्त्व त्यांनी पूर्णपणे मान्य केले. नुसती बळींना भरपाई देऊन हे दायित्व संपत नाही. बिघडलेली जमीन व पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही त्यात येतो. पर्यावरण अधिनियमाच्या तिसऱ्या व पाचव्या कलमान्वये केंद्र शासन ही सफाई हाती घेऊन खर्च उद्योगाकडून वसूल करू शकते, असे न्यायालयाने स्पष्ट केले व कारखान्यांची मालमत्ता जप्त करण्याचा आदेश दिला. सफाईचा खर्च ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये ठरला.

एवढे स्पष्ट झाल्यावर रक्कम भरली जाईल, असे कोणासही वाटेल. तसे झाले नाही. अर्जामागून अर्ज होत राहिले आणि पंधरा वर्षे गेली. १८ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दिरंगाईवर कठोर ताशेरे ओढले आणि मूळ रकमेवर ४ नोव्हेंबर १९९७ पासून दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याज लावले. वर दहा लाख रुपये खर्चापोटी. वार्षिक चक्रवाढीने हिशेब केला तर निकालाच्या दिवशीच मूळ रक्कम साडेचार पटींच्या वर गेलेली दिसते. सफाई पुढे ढकलून जो पैसा वाचतो, तो सांडणाऱ्याच्या खिशात राहता कामा नये, हा या व्याजामागील विचार. अमेरिकेने तो १९८० च्या आपल्या सफाईविषयक कायद्यातच घालून ठेवला आहे. तेथे शासनाचा सफाईचा आदेश पुरेशा कारणाशिवाय न पाळणाऱ्याकडून शासनाला आलेल्या खर्चाच्या तिप्पटीपर्यंत दंडात्मक रक्कम वसूल करता येते. आपल्याकडे हेच काम एका खटल्याला बावीस वर्षे खर्चून करावे लागले. बिछडीच्या ज्या शेतकऱ्याची विहीर १९८९ मध्ये बिघडली, त्याचा मुलगा एवढ्या काळात कर्ता झाला असेल.

समुद्रातील सांड

जमिनीवर सांडलेल्या द्रव्याला निदान बांध घालता येतो. समुद्रात वारा आणि भरती कोणाची वाट पाहत नाहीत. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया-३' या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा एका बाजूला कलली, शेकडो कंटेनर समुद्रात पडले आणि शेकडो टन तेल पाण्यावर पसरले. काही कंटेनरांत कीटकनाशके होती. तेलाचे तवंग रायगडच्या किनाऱ्याला आणि कांदळवनांना लागले. मासळीवर पोट असलेल्या कुटुंबांना ऐन पावसाळ्यात त्याचा फटका बसला, कारण ताजी मासळीही घेण्यास गिऱ्हाईक धजेना. तेलगळतीच्या प्रसंगी समन्वयाचे काम भारतीय तटरक्षक दलाकडे असते व त्याने लगोलग मोहीम हाती घेतली. परंतु कांदळवनाच्या मुळांना चिकटलेले तेल काढणे फार कठीण असते, हे त्या वेळी सर्वांनी पाहिले.

पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ रोजी, मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर 'रॅक कॅरियर' हे जहाज बुडाले. त्यावर साठ हजार टनांहून अधिक कोळसा होता, शिवाय जहाजाचे स्वतःचे इंधन तेल. हे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. २०१० च्या ज्या अधिनियमान्वये हे न्यायाधिकरण स्थापन झाले, त्यात प्रदूषण करणाराने खर्च सोसण्याचे तत्त्व विसाव्या कलमात नावानिशी घातलेले आहे आणि अपघाताच्या प्रकरणी चूक सिद्ध करण्याची अट सतराव्या कलमाने काढून टाकली आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. कोळशाच्या मालकालाही पाच कोटींचा भुर्दंड बसला. माल ज्याचा, त्याच्यावरही दायित्व येते, ही गोष्ट त्यातून पुढे आली. मात्र अपघात आणि आदेश यांत पाच वर्षे गेली होती.

काळ थोडा बदलला आहे, हेही सांगितले पाहिजे. ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणमजवळच्या एका कारखान्यातून स्टायरीन वायूची गळती झाली, तेव्हा न्यायाधिकरणाने दुसऱ्याच दिवशी ५० कोटी रुपये जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जमा करण्यास कंपनीला फर्मावले. चौकशी चालू राहिली, पण पैसा आधी आला. उरलेला सुमारे तेरा हजार टन स्टायरीनचा साठाही आठवड्याभरात जहाजांनी देशाबाहेर पाठविण्याची व्यवस्था झाली.

पहिला तास

कायद्याची परीक्षा न्यायालयात होण्यापूर्वी पहिल्या तासात होते. त्यासाठी नियम आहेत. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे मोठ्या साठ्याच्या कारखान्याने आवारातील आणीबाणीचा आराखडा तयार ठेवावयाचा असतो आणि दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम घ्यावयाची असते. आवाराबाहेरचा आराखडा जिल्हा प्रशासनाचा. मोठ्या अपघाताची सूचना ४८ तासांच्या आत द्यावी लागते. तालमीचा अहवाल भरून ठेवणे आणि तालीम करणे यांतील फरक मात्र कोणत्याही नियमात लिहून दाखविता येत नाही.

रस्त्यावरील टँकरसाठी मोटार वाहन नियम आहेत. टँकरवर एक फलक असतो. त्यावर रसायनाचे नाव, चार अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक आणि तातडीच्या वेळी संपर्क साधावयाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०१७ म्हणजे क्लोरीन, १८३० म्हणजे गंधकाम्ल. कोणत्या रसायनाला काय करावे याची माहितीपत्रिका चालकाजवळ असली पाहिजे, आणि अपघात होताच त्याने जवळच्या पोलीस ठाण्याला व वाहनमालकाला खबर दिली पाहिजे. घातक कचरा वाहून नेणाऱ्यांना २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळालाही तत्काळ कळवावे लागते. तो फलक दुरून वाचून ११२ क्रमांकावर कळविणारा वाटसरू पुढच्या कामाचा निम्मा वेळ वाचवितो. याउलट, कलंडलेल्या टँकरभोवती डबे-बादल्या घेऊन जमणारी गर्दी स्वतःचा जीव धोक्यात घालते आणि मदतपथकाची वाटही अडविते. पाणी ओतणे हा तर सर्व रसायनांवरील उपाय नव्हेच. तीव्र गंधकाम्लावर थोडे पाणी पडले तर प्रचंड उष्णता निर्माण होऊन ते उसळते.

दख्खनच्या पठारावर या पहिल्या तासाला आणखी एक अर्थ आहे. वरची माती काही ठिकाणी हातभरच, खाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण. विहिरींना पाणी येते ते याच मुरमातून व भेगांतून. विषही त्याच वाटेने येते. मातीत असताना ते खोऱ्याने उचलता येते. भेगेत उतरले की त्याचा माग काढण्यासाठीच कूपनलिका खणाव्या लागतात.

जुने डाग आणि नवे नियम

भोपाळच्या कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा १९८४ नंतर चाळीस वर्षे तेथेच पडून होता. तो १ जानेवारी २०२५ च्या रात्री पिथमपूरला रवाना झाला आणि जूनअखेर त्याचे ज्वलन पूर्ण झाले. अशा जुन्या जागांसाठी देशात स्वतंत्र नियम नव्हते. ते जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने जारी केले. दूषित असल्याचा संशय असलेल्या जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यावयाची, मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक पाहणी करावयाची, तेवढ्याच मुदतीत सविस्तर सर्वेक्षण व्हावयाचे आणि जबाबदार व्यक्तीचा शोधही ९० दिवसांतच लावावयाचा, असा त्यांचा क्रम आहे. सफाईचा खर्च जबाबदार व्यक्तीने द्यावयाचा. समुद्रातील तेलगळती, खाणकाम व किरणोत्सर्गी कचरा यांना हे नियम लागू नाहीत.

शिक्षेच्या बाबतीतही बदल झाला आहे. पर्यावरण अधिनियमाच्या भंगाबद्दल पूर्वी कारावासाची तरतूद होती. २०२३ च्या दुरुस्तीने तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आला असून एप्रिल २०२४ पासून तो लागू आहे. कारावासाचे खटले वर्षानुवर्षे रेंगाळत, दंड लवकर बसेल, असे त्याचे समर्थन केले जाते. मोठ्या उद्योगाला पंधरा लाख ही रक्कम जड जाईल असे मात्र म्हणता येत नाही. नवव्या कलमाखालील सफाईच्या खर्चाला अशी कमाल मर्यादा नाही, म्हणून खरा भार त्या वसुलीवरच राहतो.

त्या वसुलीसाठी पुरावा गावातच तयार व्हावा लागतो. विहिरीच्या पाण्याचा रंग वा वास बदलल्याचे ज्या दिवशी लक्षात आले, त्याच दिवशी ग्रामपंचायतीने त्याची तारखेसह नोंद करून जिल्हाधिकारी कार्यालयास व मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयास लेखी कळविले, तर तो कागद पुढे कामास येतो. नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने घेतलेला असावा. गावकऱ्यांनी बाटलीत भरून ठेवलेले पाणी न्यायालयात टिकणे कठीण. तशा नोंदीवरून जिल्ह्याच्या सहामाही अहवालात त्या जागेचा समावेश करण्याची मागणीही ग्रामपंचायतीला करता येते.